वाया जाण्याचा रकाना

रहिमाबीच्या घरात वाया गेलेली वस्तू शोधायला बसलात तर संध्याकाळ व्हायची आणि हाती काही लागायचं नाही. चहाची पत्ती दोनदा उकळायची आणि मग शेजारच्या ताईबाईच्या तुळशीला जायची. फाटलेल्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की तिचं पोतेरं. आणि मोडक्या कंगव्याचा पुन्हा कंगवा व्हायचा. हे शेवटचं आलं म्हणून तर ही सगळी गोष्ट. सरकारदरबारी या बाईवर जो अन्याय झाला तो ती उधळी होती म्हणून झाला नाही, ती उधळी नव्हती म्हणून झाला. हे एवढं जरी नीट ध्यानात ठेवलंत तरी पुष्कळ.

धुळ्यात पांझरेच्या अलीकडच्या काठाला तिचं दोन खणांचं घर. नवरा इसाक म्हशीच्या शिंगाचे कंगवे करायचा. शिंग तापवायचं, दाबून सपाट करायचं, करवतीने एकेक दात पाडायचा. दिवसभरात चांगले आठ कंगवे झाले तर खूप. त्या शिंगाच्या भुशाने त्याची छाती भरली. एकोणीसशे बावन्न साली त्याने करवती, शिंगांचा साठा, सगळं विकून मुंबईहून प्लास्टिकचं हातमशीन आणलं. चार पायांवर उभं लोखंडी धूड, वर पावडर घालायचं नरसाळं, मध्ये विजेवर तापणारी नळी, खाली कंगव्याचा पितळी साचा आणि बाजूला पुरुषभर लांबीचा दांडा. दांडा खाली ओढला की वितळलेली पावडर साच्यात उतरायची. वीस मोजेपर्यंत दांड्यावर अंगाचा भार द्यायचा. अठराला सोडला तर दात आखडायचे. इसाक खोकत मोजायचा, त्याचं मोजणं चुकायचं. रहिमाबी मनातल्या मनात मोजायची, तिचं कधी चुकलं नाही. तीन वर्षांनी इसाक गेला, तोवर दांडा केव्हाच तिच्या हाती आला होता. शेजारची साबेरा कंगव्याची शेपूट सुरीने काढायला बसायची, म्हणजे साच्याच्या तोंडाशी जो तुकडा चिकटून येतो तो. दोघींची घरं त्या एका मशीनवर चालायची.

आता मोडक्या कंगव्यांचं. आपल्याकडे मोडका कंगवा घरात ठेवत नाहीत, हे सगळ्या बायकांना ठाऊक. फेकायचाही जिवावर येतो, विकत घेतलेली वस्तू. साक्रीच्या आठवडी बाजारात रहिमाबी पथारी पसरून बसायची, तेव्हा तिने हे बरोबर हेरलं. तीन मोडके कंगवे आणा, नव्या कंगव्याला एक आणा कमी. मग काय! डोंगरावरच्या पाड्यांतून बाया फडक्यात बांधून मोडके कंगवे घेऊन यायला लागल्या. कुणी तर धुऊन, तेलाचा चिकटा काढून आणायची, कारण रहिमाबीला घाण माल कसा द्यायचा. रहिमाबी ते पुन्हा सोड्याच्या पाण्यात घालायची, वाळवायची, रंग निवडायची, काळा काळ्यात, लाल लालात, आणि उखळात कुटायची. दोन वाटे नवी पावडर, एक वाटा कूट. त्यापुढे कुटाचा एक चिमटा जास्त नाही. जास्त पडला की दात ठिसूळ होतात आणि दाट केसांत गुंतून तुटतात, हे तिने स्वतःच्या केसांवर पाहिलं होतं. तिचा कंगवा साक्रीपासून पिंपळनेरपर्यंत नावाजलेला होता तो असा.

सत्तावन्न साल उजाडलं आणि कुठेतरी दिल्लीला परदेशी चलन आटलं. रहिमाबीला परदेशी चलन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण पावडर बोटीवरून येते हे माहीत होतं. बोटी कमी झाल्या. पूर्वी मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्र टाकलं की नव्वद रुपयांना पोतं यायचं. आता पावडर परवान्यावर. ज्याचा जेवढा खप, त्याचा पाव हिस्सा त्याला मिळणार. आणि खप किती, ते साहेब येऊन बघून ठरवणार. दर सहा महिन्यांनी धोरणाचं नवं पुस्तक निघायचं, आणि त्या पुस्तकात कंगवे करणाऱ्या माणसाखेरीज सगळ्यांचा विचार केलेला असायचा.

साहेब यायचा त्या दिवशी रहिमाबीने पहाटेपासून घर झाडलं, सडा घातला. मोडक्या कंगव्यांची पोती आत लपवायची सोडून तिने दारात ओळीने मांडली. काळ्यांचं वेगळं, लालांचं वेगळं, हिरव्यांचं वेगळं. कुटाच्या तीन बरण्या पुसून फळीवर ठेवल्या. पाहुण्याला आपलं चांगलं ते दाखवायचं, एवढंच तिला समजत होतं. लग्नाच्या मुलीला दाखवतात तसा तिने आपला कारखाना साहेबापुढे मांडला.

साहेब तरुण होता, गोड बोलणारा होता. त्याने चहा घेतला. लाच मागितली नाही, डोळे वटारले नाहीत. म्हणूनच तर जास्त संताप येतो. खाष्ट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं, या सभ्य माणसाचं करायचं काय? त्याने महिन्याचे किती डझन कंगवे निघतात ते विचारलं, वहीतलं कोष्टक काढलं आणि म्हणाला, "एवढ्या मालाला तीन पोती पावडर लागते, बाई. बरोबर?"

"लागते ना!" रहिमाबीचा चेहरा फुलला. "पण मी दोनातच भागवते, साहेब. एक पोतं या मोडक्यांतून काढते. बघा तर खरं, कूट कसं रव्यासारखं आहे."

साहेबाने कूट चिमटीत धरून बघितलं, वा म्हणाला, आणि लिहिलं: खप, दोन पोती. पुढचा रकाना होता वाया जाणाऱ्या मालाचा. "वाया किती जातं?"

"वाया?" साबेरा आणि ती एकमेकींकडे बघून हसल्या. "वाया काय जाणार, साहेब? शेपटं परत नळीत जातात."

साहेबाने तिथे शून्य घातलं. दीड महिन्याने कागद आला. खप दोन पोती, त्याचा पाव हिस्सा, दरमहा अर्धं पोतं.

नदीपलीकडे देवपुरातल्या शाळेत झुलाल मास्तर होते. रहिमाबीचे अर्ज तेच लिहायचे, अक्षर मोत्यासारखं आणि डोकं तापट. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि टेबलावर आपटला. "रहिमाबी, तुम्ही तीन पोत्यांचं काम दोनात करता, म्हणून तुमचं पोतं कापलं. जळगावचा तो लीलाधर शेट माहीत आहे? त्याने चाळीस पोत्यांचा खप दाखवलाय. त्यात तीस टक्के वाया जातं असं लिहून दिलंय. ते वाया गेलेलंसुद्धा खपातच धरलं. त्याला दरमहा दहा पोती."

"चाळीस पोती? मग त्याचे कंगवे बाजारात कसे दिसत नाहीत?"

"कंगवे असतील तर दिसतील ना."

ही गोष्ट जळगावात पोराटोरांना ठाऊक होती. लीलाधर शेट महायुद्धाच्या आधी जपानी कंगवे आणि आरसे मागवायचा, म्हणून तो जुना आयातदार. नंतर त्याने एक जर्मन मशीन आणून शेडमध्ये ठेवलं, म्हणून तो कारखानदार. त्या मशीनवर ताडपत्री टाकली होती ती तोवर एकदाही निघाली नव्हती. परवान्यावर नव्वद रुपयांना मिळालेलं पोतं तो दारातूनच दोनशे सत्तरला विकायचा. आणि विकत कोण घ्यायचं? जिच्या नावाने ते यायला हवं होतं ती रहिमाबीच! आपल्याच ताटातला घास काढून नेलेल्या माणसाकडून तिप्पट दाम मोजून तोच घास परत घ्यायचा, आणि वर त्याला शेटजी म्हणून हात जोडायचे. सहा महिने तिने हे केलं. कंगवा पाच आण्यांवरून नऊवर गेला. साक्रीच्या बाया कंगवा उचलायच्या, अंगठ्याने दात वाजवून बघायच्या आणि परत ठेवायच्या. मोडके मात्र तिथेच सोडून जायच्या.

मास्तरांनी फेरतपासणीचा अर्ज लिहायला घेतला. वाया जाण्याच्या रकान्यात तीस टक्के टाकले आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. रहिमाबीने हात मागे घेतला. रागावली की तिच्या तोंडून गावाकडची भाषा यायची.

"मास्तर, मना हातथीन एक दाना वाया गया नही. मी अंगठा कसा देऊ?"

"सगळे देतात."

"देऊ द्या त्यांना. त्या बाया डोंगरावरून धुऊन, फडक्यात बांधून आणतात. ते वाया जातं म्हणून मी लिहून देऊ? मला उद्या साक्रीला तोंड दाखवायचंय ना."

मास्तर चिडले. रकाना कोरा ठेवून अर्ज गेला आणि रकाना कोरा आहे म्हणून परत आला.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात साबेराच्या घरी चूल एकवेळ पेटायला लागली. मशीन आठवड्यातून दोन दिवस चालायचं. आणि तेव्हाच लीलाधर शेटचा दिवाणजी जीवराम जळगावहून आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि सरळ मुद्द्यावर आला. शेटच्या कारखान्याची तपासणी लागली होती. कुणीतरी तक्रार केली होती की कारखाना बंद आहे. शेटने घाईने ताडपत्री काढून पाहिली तर जर्मन मशीन गंजून आवळलेलं, नळीत उंदरांनी घर केलेलं.

"तुमचं मशीन दोन दिवसांकरता जळगावला न्यायचं, बी. तुम्ही आणि तुमच्या सोबतिणीने बसून चालवायचं. नेणं आणणं आमच्या ट्रकने. त्या बदल्यात वर्षभर महिन्याला दोन पोती, परवान्याच्या भावात. नव्वदला."

दोन पोती! तिचाच पूर्ण खप. तिला रात्रभर विचार करायचीही गरज पडली नाही, तिथेच ओट्यावर मनाचा हिशेब झाला. खोटं त्याचं, आपण फक्त कंगवे करायचे. कंगवे तर खरेच निघणार. मास्तरांना कळलं तेव्हा ते धावत पूल ओलांडून आले. "जाऊ नका, रहिमाबी. अंगठा दिला नाहीत आणि आता अख्खं मशीन देताय?"

"अंगठा माझा होता, मास्तर," ती म्हणाली. पण हे म्हणताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पारोळा, एरंडोल करत ट्रक जळगावला पोचला. मशीनला गोधड्या गुंडाळल्या होत्या, दांडा काढून रहिमाबीने मांडीवर घेतला होता. एक खीळ काढली की दांडा सुटतो, बसवायलाही तेवढाच वेळ. शेड मोठी होती, तिच्या घरासारखी दहा घरं मावतील एवढी. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली ते जर्मन धूड आणि भिंतीला लावून पावडरीची पोती, न फोडलेली, शिक्क्यासकट. रहिमाबीने मोजली नाहीत. मोजवेनात.

लीलाधर शेटने स्वतः येऊन सूचना दिल्या. मशीन मध्यभागी हवं. शेपटं आणि फसलेले कंगवे गोळा करायचे नाहीत, खाली मातीत टाकायचे, ढीग दिसला पाहिजे. "आपण तीस टक्के लिहिलंय," तो समजावून म्हणाला. "दर तिसरा कंगवा बिघडव. दांडा लवकर सोडलास की झालं."

साहेब आला, तोच, गोड बोलणारा. रहिमाबी दांड्यावर भार देऊन मोजत होती. शेटने खूण केली, पण तिचा हात अठराला सुटेना. सहा वर्षांची सवय ती, वीसशिवाय मोकळी होत नव्हती. शेवटी शेटनेच पुढे होऊन दांड्याला धक्का दिला. आखडलेल्या दातांचा कंगवा बाहेर आला, त्याने तो मातीत भिरकावला. मग दुसरा. मग चांगला, बिनचूक, काळाभोर कंगवासुद्धा भिरकावला आणि वर बुटाची टाच दिली. रहिमाबी दांडा सोडून खाली बसली. आपण काय करतोय हे तिलाही कळलं नाही. ती तुकडे वेचून फुंकर मारून पदरात टाकायला लागली. साबेराही बसली.

"बाई, तुम्ही धुळ्याच्या ना?" साहेबाने ओळखलं.

रहिमाबीचा जीव भांड्यात पडला. आता सुटलो, असं तिला वाटलं. याने आपलं घर पाहिलंय, आपलं मशीन पाहिलंय, नळीवरचा पोचा पाहिलाय. आता हा विचारणार.

"आता आमच्याकडे कामाला असते," शेट म्हणाला.

"छान," साहेब म्हणाला आणि वही उघडली. यंत्र चालू. कामगार दोन. मातीतल्या ढिगाकडे त्याने एकदा पाहिलं. वाया, तीस टक्के, प्रत्यक्ष पाहिले.

'वाया' हा शब्द त्याने लिहिता लिहिता तोंडाने उच्चारला. तिथे मात्र रहिमाबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली आणि पदर साहेबाच्या वहीवर उघडला. माती, शेपटं, चिरडलेले दात, सगळं वहीवर सांडलं.

"वाया गेलं म्हणता? कुठे गेलं? हे काय आहे? धुऊन कुटलं की उद्या यातून पंधरा कंगवे निघतील. माझ्या घरी तुम्हीच चिमटीत धरून वा म्हणालात ना?"

"बाई, रागावू नका," साहेब माती झटकत म्हणाला. आवाज तसाच मऊ. "तुमच्याकडे वाया जात नाही, म्हणून तुम्हाला कमी लागतं. यांच्याकडे वाया जातं, म्हणून यांना जास्त लागतं. नियमाला धरूनच आहे."

काय उत्तर द्यायचं या माणसाला? शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईला जे दिसत होतं, ते एवढं शिकूनसवरून त्याला दिसत नव्हतं. की दिसत होतं आणि लिहायला जागा नव्हती? मला विचाराल तर हे दुसरं जास्त वाईट.

"मशीन मनं शे," रहिमाबी ओरडली. शेडमध्ये घुमलं ते. "धुळ्याचं. माझ्या नवऱ्याने आणलेलं. याचं मशीन तिकडे ताडपत्रीखाली आहे, उंदीर राहतात त्यात. उचला ताडपत्री, बघा. आणि मी खोटं बोलायला आले, तेही लिहा. माझं नाव घालून लिहा."

शेटचा चेहरा उतरला. जीवराम दाराकडे सरकला. साहेबाने ताडपत्रीकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. पण जागचा हलला नाही.

"मशीन कोणाचं, असा रकाना यात नाही," तो हळूच म्हणाला. "मालकीचं वेगळं खातं आहे. मला फक्त चालू की बंद एवढंच बघायचंय. आणि मशीन चालू आहे."

"एवढंच बघायचंय?"

"एवढंच."

रहिमाबीने खीळ ओढली. दांडा सुटला. पुरुषभर लांबीचं, पाच शेराचं ते लोखंड तिने खांद्यावर घेतलं, पदर कमरेला खोचला आणि साहेबासमोर उभी राहिली.

"आता लिहा. बंद शे."

"बाई, दांडा बसवा परत. माझा वेळ जातोय."

"तुमचा कागद विचारतो, चालू का बंद. ओढून दाखवा ना कुणीतरी. शेटजी, तुम्ही ओढा. तुमचा कारखाना आहे."

कुणी पुढे आलं नाही. साहेबाने 'चालू'वर रेघ मारली आणि वर 'बंद' लिहिलं. त्याच्या पगारातलं तेवढं काम त्या दिवशी त्याच्या हातून झालं, त्याचं श्रेय त्याला देऊन टाकू.

शेट दारापर्यंत मागे आला. "एक चिमूट पावडर मिळणार नाही तुला. जन्मभर."

"आजवर काय पोती उतरवत होतात माझ्या दारात?" ती म्हणाली आणि साबेराला घेऊन एस.टी. स्टँडकडे चालू लागली. कंडक्टरने दांड्याचं वेगळं तिकीट मागितलं. तेही तिने काढलं.

महिनाभर मशीन जळगावला अडकलं. मग पुढच्या तपासणीत ते परकं मशीन तिथे सापडू नये म्हणून शेटनेच एका पहाटे ते ट्रकने आणून दारात टाकलं, एक पाय वाकवून. शेटचा हिस्सा सहा महिने बंद झाला. फक्त सहा महिने! सातव्या महिन्यात त्याच पत्त्यावर, त्याच शेडला, त्याच्या भाच्याच्या नावाने दहा पोती चालू झाली. रहिमाबीला ते मास्तरांनी सांगितलं. आणि तिचं? तिचं अर्धं पोतंच. मास्तरांनी पुन्हा अर्ज केला, तर फेरविचाराचं कारण दिसत नाही, असा छापील कागद आला, खाली गिचमिड सही.

मास्तर म्हणाले, कुटाचा वाटा वाढवा. अर्ध्या पोत्यात तीन पोती कूट घाला, कोण बघतंय? "बाया बघतात," रहिमाबी म्हणाली. दोन दिवस ती मशीनसमोर नुसती बसून होती. तिसऱ्या दिवशी एका तांबटाकडून पितळेची पट्टी कापून आणली, साच्याच्या बरोबर मध्ये बसवली आणि दांडा ओढला. वीस मोजले. साच्यातून अर्धा कंगवा निघाला. दात पक्के, कडा गुळगुळीत, दोन वाटे पावडर आणि एक वाटा कूट, पण लांबीला निम्मा.

साक्रीला शेवंताबाई म्हणून एक जुनी गिऱ्हाईक होती, डोंगरावरून यायची, केस गुडघ्यापर्यंत. तिने फडक्यातून तीन मोडके कंगवे काढले.

"बी, नवा दे माय. हाऊ मोडी गया." मग हातातल्या तुकड्याकडे बघून, "आर्धाच का वं?"

"आर्धा सरकारनी ठेई लिधा."

"मंग मोल?"

"मोल बी आर्धं शे."

शेवंताबाईने दात वाजवून बघितले. पक्के होते. तिने तिथेच अंबाडा सोडला आणि त्या अर्ध्या कंगव्याने केस विंचरायला बसली, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. आजूबाजूच्या बाया जमल्या. सगळ्यांचा तोच प्रश्न, सगळ्यांना तेच उत्तर. त्या बाजारापासून साक्रीत सरकारचं नाव निघालं की बाया हसायला लागल्या, आणि ते हसणं बरं नव्हतं.

साठ सालच्या उन्हाळ्यात नवा अर्ज आला, नव्या छापाचा. मास्तर रकाने वाचत गेले. नाव. गाव. यंत्र चालू आहे काय? चालू. वाया जाणारा माल? मास्तरांची लेखणी थांबली. रहिमाबी म्हणाली, शून्य. त्यांनी शून्य घातलं. शेवटचा रकाना नवा होता: तयार मालाचा एक नमुना अर्जासोबत जोडावा.

रहिमाबीने पिशवीतून एक काळा कंगवा काढला, पदराने पुसला आणि मास्तरांपुढे ठेवला. मास्तरांनी तो कागदाला दोऱ्याने बांधला. निम्मा कागद मोकळा राहिला.

"इथे काही लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिहा," ती म्हणाली, आणि पॅडवर अंगठा टेकवला. "बाकीना आर्धा तुमनाकडे शे."